मुलांकडे परदेशी जाताना सामान आणि खर्च: तिकीट काढण्यापूर्वीच करायचा विचार

कृष्णाकाठ:
परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणारे आई-वडील आता सांगली-कोल्हापुराकडच्या गल्लोगल्ली भेटतात. नात्यातील आणि ओळखीतील अशा अनेक ज्येष्ठांची तिकिटे काढून देण्याचे आणि सामान बांधून देण्याचे काम माझ्याकडे येते. त्यातून झालेले एक मत इथल्या जाणकारांपुढे मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. सामानावर होणारा अनाठायी खर्च आणि सामानाची होणारी हानी या दोन्ही गोष्टी बहुतांशी तिकीट निवडतानाच ठरून जातात. आपण मात्र तिकीट केवळ भाड्याचा आकडा पाहून घेतो आणि बॅगांचा विचार निघण्याच्या आदल्या आठवड्यात सुरू करतो.

सामानाची मुभा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील फरक अनेकांना थेट काउंटरवरच कळतो. देशांतर्गत प्रवासात आणि आखाती देशांच्या मार्गांवर सहसा एकूण वजन धरतात. भारतात इकॉनॉमी वर्गाला सामान्यतः १५ किलो चेक-इनचे सामान आणि ७ किलोची एक हातबॅग नेता येते. अमेरिकेकडे जाताना मात्र नग मोजतात आणि प्रत्येक नगाला सहसा २३ किलोची मर्यादा असते. तिथे एक बॅग २६ किलोची आणि दुसरी १८ किलोची भरली, तर दोहोंची बेरीज ४६ च्या आत आहे हे सांगून उपयोग होत नाही. २६ किलोच्या बॅगेवर जादा वजनाचे शुल्क लागतेच. वजनाच्या पद्धतीत एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर प्रवास करणाऱ्या पती-पत्नीच्या सामानाचे वजन पुष्कळ कंपन्या एकत्र धरतात. एकच बॅग ३२ किलोहून जड असेल, तर ती उचलणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी बहुतेक ठिकाणी स्वीकारतच नाहीत.

अमेरिकेच्या तिकिटावर दोन बॅगा मिळणारच, असे आता गृहीत धरता येत नाही. काही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भाड्यात एकच बॅग असते आणि काही भाड्यांत चेक-इनची बॅगच नसते. म्हणून दोन तिकिटांची तुलना करताना प्रत्येक भाड्यात दुसऱ्या बॅगेचे शुल्क मिळवून मगच स्वस्त कोणते ते ठरवावे. जादा बॅग घ्यावीच लागणार असेल, तर ती संकेतस्थळावर आगाऊ नोंदवावी. काउंटरवर तेच शुल्क बरेच जास्त पडते. आपापले अनुभव आणि नियमांची माहिती सर्वांनी इथे लिहावी, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना एका जागी सापडेल.

हिशेबनीस:
धागा वेळेवर काढलात. यात मी एक मुद्दा जोडतो, कारण पुणे आणि नागपूरच्या प्रवाशांचे सर्वाधिक पैसे तिथे जातात. पुण्याहून दिल्लीचे तिकीट वेगळे आणि दिल्लीहून अमेरिकेचे वेगळे, असे दोन तुकडे करून घेतले की भाडे कमी दिसते. पण पुणे-दिल्ली या तिकिटावर १५ किलोचीच मुभा असते, आणि प्रवाशाच्या हातात मात्र ४६ किलोच्या दोन बॅगा असतात. उरलेल्या ३१ किलोचे शुल्क देशांतर्गत दराने, किलोमागे मोजले जाते आणि वाचलेले सगळे पैसे तिथेच खर्ची पडतात. तोच प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर आंतरराष्ट्रीय मुभाच सामान्यतः देशांतर्गत टप्प्यालाही लागू होते. शिवाय तिकिटे वेगळी असतील, तर पहिले विमान उशिरा पोचल्यामुळे दुसरे चुकले तरी दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही आणि सामानही आपोआप पुढे जात नाही.

तिकीट रद्द करावे लागले, तर नियम नीट माहीत असावेत. डीजीसीए या भारतातील विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त आकारता येत नाही. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही वैधानिक कर आणि विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क परत करावेच लागते, आणि प्रवासी विमानतळावर पोचलाच नाही तरीही हा नियम लागू राहतो. पुष्कळ लोक तिकीट बुडाले असे समजून ही रक्कम मागतच नाहीत. तिकीट एजंटामार्फत घेतले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते.

डोंगरवाट:
पैशांचे समजले. मला सामानाच्या सुरक्षिततेविषयी विचारायचे आहे. आई-वडील प्रथमच अमेरिकेला निघाले आहेत. कुलूप लावावे, की विमानतळावर प्लास्टिकचे आवरण गुंडाळून घ्यावे? आखातातून विमान बदलून गेले, तर दोघांच्या तिकिटांत चांगला फरक पडतो. तेवढ्यासाठी थेट विमान सोडावे का?

सागरगोटा:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे. सामानाची माहिती-यंत्रणा चालवणाऱ्या सीटा या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ साली जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगांची गफलत झाली. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक बॅगा केवळ उशिरा पोचल्या, तर हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या बॅगांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. उशिरा पोचलेल्यांपैकी ४६ टक्के बॅगा विमान बदलण्याच्या ठिकाणी मागे राहिल्या होत्या. बॅगेला चोरापेक्षा अपुऱ्या वेळाचा धोका कितीतरी अधिक आहे, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

म्हणून थेट विमान परवडत असेल, तर तेच घ्यावे. ते परवडत नसेल, तर एकाच पीएनआरवर आणि मध्ये किमान तीन तास राहतील असे तिकीट घ्यावे. दीड तासात व्हीलचेअरवरचा प्रवासी कदाचित पुढच्या दारापर्यंत पोचेल, परंतु त्याची बॅग एका विमानाच्या पोटातून दुसऱ्यात जाईलच, याची खात्री देता येत नाही.

काउंटरवर बॅग देताना एक काम प्रत्येकाने आवर्जून करावे: बॅगेला लावलेल्या टॅगवरची तीन अक्षरे वाचावीत. ती अंतिम विमानतळाची असतात. मुंबईचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय, दाभोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स असे जवळजवळचे विमानतळ आता आपल्याकडेही झाल्यामुळे ही सवय अधिकच आवश्यक ठरते. मागच्या प्रवासाचे टॅग आणि बॅगेच्या कडेला चिकटलेले बारकोडचे छोटे कागद घरीच खरवडून काढावेत, कारण यंत्राने जुना बारकोड वाचला तर बॅग भलतीकडे जाऊ शकते. टॅगचा दहा अंकी क्रमांक दिसेल असे बॅगेचे छायाचित्र घ्यावे. बॅगेच्या आतही नाव, दूरध्वनी क्रमांक आणि जिथे उतरणार तिथला पत्ता लिहिलेला कागद ठेवावा. बाहेरचा टॅग फाटला, तर तोच कामी येतो.

मोगरा:
कुलपाविषयी लिहिते. अमेरिकेला जाणाऱ्या बॅगेला टीएसएची, म्हणजे तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची खूण असलेलेच कुलूप लावावे. तिथले सुरक्षा कर्मचारी प्रवाशाच्या अनुपस्थितीत बॅग तपासू शकतात. असे कुलूप ते स्वतःच्या किल्लीने उघडतात, एरवी तोडतात. मात्र साखळीची (झिपची) बॅग असेल, तर कुलूप लावूनही साखळी बॉलपेनच्या टोकाने फाकवता येते आणि कुलपासह साखळी मागेपुढे ओढून पुन्हा जुळवता येते, त्यामुळे उघडल्याची खूणही राहत नाही. साखळीऐवजी चौकट आणि खटक्यांनी बंद होणारी बॅग म्हणूनच अधिक सुरक्षित असते, पण ती जड असते आणि तिचे रिकामे वजन २३ किलोतूनच वजा होते. प्लास्टिकच्या आवरणाने साखळी झाकली जाते, एवढा त्याचा लाभ मला मान्य आहे. परंतु तपासणीसाठी ते कापले तर पुढच्या टप्प्यावर काहीच उरत नाही.

खरे तर कुलपापेक्षा बॅगेत काय भरले आहे, याकडे मला सर्वांचे लक्ष वेधायचे आहे. लेकीसाठी आणि नातवंडांसाठी आपण जे प्रेमाने नेतो, त्यातूनच सर्वाधिक अडचणी उद्भवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत नेता येत नाहीत. भारतात २०२२ पासून त्यांवर बंदी आहे. खोबऱ्यातील तेलामुळे ते साठवणीत स्वतःहून तापू शकते आणि धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला १३६३ हा स्वतंत्र यूएन क्रमांक दिलेला आहे. तपासणी-यंत्रात वाट्या दिसल्या की बॅग बाजूला काढतात, प्रवाशाला बोलावणे येते आणि म्हाताऱ्या माणसांची ऐन वेळी धावपळ होते. खोबरे तिथल्या भारतीय दुकानात मिळते, तेव्हा ते न्यायचे कारणच नाही.

अमेरिकेला जाताना तांदूळ नेऊ नये. खापरा नावाची धान्यकीड ज्या देशांत आढळते, त्या देशांतून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ आणण्यास तिथे मनाई आहे आणि भारत त्या यादीत आहे. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीची दोन किलोची पिशवी कितीही आठवणीने बांधलेली असली, तरी ती तिथे कचऱ्यातच जाते. ताजा कढीपत्ता, सामानातले हापूस आंबे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ यांचीही तीच गत होते. भाजून दळलेली पिठे, मेतकूट, चटण्या, चकल्या आणि लाडू यांना सहसा कोणी हरकत घेत नाही, पण खाद्यपदार्थ आहेत का असे विचारले असता ‘हो’ म्हणावे आणि काय आहे ते सांगावे. पदार्थ दाखवून तो काढून घेतला गेला, तर नुकसान तेवढ्यापुरतेच असते. लपवलेला सापडला, तर दंड भरावा लागतो. आई-वडिलांना हे आधी नीट समजावून सांगायला हवे, कारण ‘नाही’ म्हटले की लवकर सुटका होते, असा सल्ला त्यांना कोणीतरी हमखास दिलेला असतो.

आखातात जाणाऱ्यांनी खसखशीची विशेष काळजी घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा निषिद्ध पदार्थ आहे. दिवाळीच्या फराळाच्या डब्यातील अनारशांवरही ती असते, हे आपल्या लक्षात येत नाही. तिथे जाणाऱ्या डब्यात अनारसे घालूच नयेत.

लोणचे हातसामानात नको. ते घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात आणि बरणी चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवावी. भाजणी आणि मेतकूटही त्याच बॅगेत द्यावे, कारण अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक पूड हातसामानात असेल, तर तिची वेगळी तपासणी होते आणि ती ठेवून घेतली जाऊ शकते.

डोंगरवाट:
इतकी नेमकी माहिती मिळेल असे वाटले नव्हते. खोबरे आणि तांदूळ दोन्ही आमच्या यादीत होते, आता काढले. औषधे आणि पॉवर बँक यांचे काय करावे?

कृष्णाकाठ:
औषधे, चष्मा, दातांची कवळी, श्रवणयंत्र, पासपोर्ट, दागिने आणि रोख रक्कम यांपैकी काहीही चेक-इनच्या बॅगेत देऊ नये. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, निदान दोन आठवडे पुरतील एवढी हाताशी ठेवावीत. बॅग आठवडाभर आली नाही, तरी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चुकता कामा नये. पती-पत्नी दोघे जात असतील, तर दोघांचेही थोडे थोडे कपडे दोन्ही बॅगांत विभागून भरावेत, म्हणजे एक बॅग मागे राहिली तरी कोणाचेच अडत नाही.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत पूर्ण निषिद्ध आहे. ती हातसामानातच असावी लागते. तिची क्षमता १०० वॉट-तासांपर्यंत असेल, तर वेगळी परवानगी लागत नाही, आणि १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची मान्यता लागते. तिच्यावर मिलिअँपिअर-तासांचा आकडा असतो, त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागावे. २०,००० चा आकडा असेल, तर उत्तर ७४ वॉट-तास येते, म्हणजे चिंता नाही. मात्र विमानात जागा नाही म्हणून दारातच हातबॅग मागून घेतली आणि ती खाली सामानात टाकणार असतील, तर पॉवर बँक, औषधे आणि कागदपत्रे आधी बाहेर काढून घ्यावीत. ज्येष्ठ प्रवासी संकोचाने बॅग तशीच देऊन टाकतात. या वस्तू एका छोट्या वेगळ्या पिशवीत घालून ती हातबॅगेत सर्वांत वर ठेवली, तर क्षणात काढता येते.

हिशेबनीस:
बॅग पट्ट्यावर आलीच नाही, तर काय करायचे हेही कोणीतरी विस्ताराने लिहावे. गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्यांची बॅग एका कंपनीकडून फुटून आली होती. ते थकलेले असल्यामुळे तसेच घरी गेले आणि पुढे त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही.

सागरगोटा:
विमानतळाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी तक्रार नोंदवणे, हा यातील कळीचा भाग आहे. पट्ट्याजवळच कंपनीचा सामान-कक्ष असतो. तिथे पीआयआर नावाचा अहवाल लिहून घ्यावा आणि त्याचा क्रमांक घेतल्याशिवाय निघू नये. या क्रमांकात पहिली तीन अक्षरे विमानतळाची, पुढची दोन कंपनीची आणि नंतर पाच अंक असतात. याच क्रमांकावरून कंपन्यांच्या सामायिक शोध-यंत्रणेत बॅग शोधली जाते. बॅगेचे आणि टॅगचे छायाचित्र असेल, तर वर्णन करण्यात वेळ जात नाही.

त्यानंतरच्या मुदती आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने ठरवून दिल्या आहेत. भारताने तो २००९ साली स्वीकारला. बॅग मोडून-फुटून आली असेल, तर मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. ती उशिरा मिळाली असेल, तर हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत करावी लागते. पोचायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटूनही ती आली नाही, तर ती हरवली असे मानून भरपाई मागता येते. दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. पीआयआर म्हणजे हीच लेखी तक्रार, असे समजून थांबू नये. मुदतीच्या आत कंपनीला स्वतंत्र ईमेल पाठवून त्याची प्रत जपावी.

या करारातील भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर आहे. ही मर्यादा बॅगेमागे नसून प्रवाशामागे आहे, आणि एवढी रक्कम आपोआप मिळत नाही. जेवढे नुकसान दाखवता येईल तेवढेच मिळते. म्हणून बॅग बंद करण्यापूर्वी आतील वस्तूंची छायाचित्रे घ्यावीत आणि नव्या वस्तूंच्या पावत्या ठेवाव्यात. बॅग येईपर्यंत कपडे, दात घासण्याचे सामान यांसारखा वाजवी खर्च करावा लागला, तर त्याच्याही पावत्या जोडाव्यात. याहून मौल्यवान सामान देणे भागच असेल, तर चेक-इनच्या वेळी त्याचे मूल्य जाहीर करून, लागेल ते शुल्क भरून मर्यादा वाढवून घेण्याची सोय करारातच आहे. देशांतर्गत प्रवासात भरपाईची मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये आहे.

मोगरा:
प्रवास विमा घेतलेला असेल, तर त्याच्या दाव्यालाही पीआयआर लागतो. बॅगेच्या उशिरासाठी पैसे किती तासांनंतर मिळतात, ते पॉलिसीगणिक बदलते आणि दागिने व रोख रक्कम बहुधा वगळलेली असते. ज्येष्ठांसाठी विमा घेताना आरोग्याचे संरक्षण हाच मुख्य निकष असावा. केवळ बॅगेसाठी वेगळे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

हिशेबनीस:
सागरगोटा, तुमच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. कंपनीने दाद दिली नाही, तर आधी नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या व्यवस्थेवर तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. तरीही प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो, त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणजे साताऱ्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. वकील करण्याची सक्ती नाही, आणि सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्कही नाही. कंपन्या अनेकदा काही हजारांचे प्रवास-व्हाउचर देऊन विषय मिटवू पाहतात. पुन्हा त्याच कंपनीने जाण्याचा विचार नसेल, तर व्हाउचर स्वीकारू नये आणि रोख भरपाईची मागणी लेखी नोंदवावी.

पारिजात:
मुलाचे लग्न कॅलिफोर्नियात आहे. सासूबाई पाटल्या, बांगड्या आणि ठुशी घेऊन निघाल्या आहेत. परत येताना सीमाशुल्काची अडचण येऊ नये, यासाठी काय करावे? आणि परतीच्या प्रवासात दिल्लीला विमान बदलून पुण्याला येताना बॅगा थेट पुण्यात मिळतील का?

कृष्णाकाठ:
जाताना भारतातील विमानतळावरच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यात दागिन्यांचे वर्णन आणि वजन नोंदवलेले असते, आणि परतताना हेच दागिने इथून नेले होते याचा तो पुरावा ठरतो. दागिन्यांच्या पावत्या किंवा सराफाकडील मूल्यांकनाचा दाखला आणि छायाचित्रे सोबत ठेवावीत. हे काम बॅगा काउंटरवर देण्याच्या धावपळीत होत नाही, म्हणून विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचावे. दागिने अंगावर किंवा हातबॅगेतच ठेवावेत.

टॅगवर पुण्याची अक्षरे असली, तरी परतताना दिल्लीला बॅगा सहसा पट्ट्यावरून उचलाव्या लागतात, कारण भारतातील पहिल्या विमानतळावर सीमाशुल्क तपासणी होते. त्या तपासणीतून बाहेर आल्यावर पुढच्या प्रवासासाठीच्या काउंटरवर बॅगा पुन्हा द्यायच्या असतात. अमेरिकेत जातानाही पहिल्या विमानतळावर सामान्यतः असेच करावे लागते. सासूबाईंनी व्हीलचेअर मागितली असेल, तर सोबतच्या मदतनिसाला बॅगा उचलायच्या आहेत असे आधीच सांगावे, आणि दिल्लीत तीन तासांपेक्षा कमी वेळ मिळत असेल तर पुढचे विमान बदलून घ्यावे.